मिलिंदाची दुपारची मारामारी

आमच्या गल्लीत कोपराने दार उघडणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे मिलिंद. फाटक कोपराने, कपाट गुडघ्याने, आणि पाण्याचा नळ बंद करायचा असला की आईला हाक. लग्नात कुणी कौतुकाने हात पुढे केला की हा दोन्ही हात काखेत घालतो आणि "जयभीम" म्हणून मोकळा होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, पोराच्या हाताला काहीतरी झालंय. काही झालेलं नाही. अख्ख्या आखाडा बाळापुरात त्याच्याइतके धडधाकट हात कुणाचे नसतील, कारण त्या हातांनी त्याने कित्येक वर्षांत नारळ फोडलेला नाही, घागर उचललेली नाही की शेतात रचलेल्या सोयाबीनच्या सुडीला बोट लावलेलं नाही.

"हे हात पोटाचे हायेत, काका," तो मला म्हणतो.

त्याच्या आईचं म्हणणं थोडं वेगळं आहे. "याला कामाचा कंटाळा हाय, दुसरं काई न्हाई. अन् त्या कंटाळ्याला याला एक इंग्रजी नाव भेटलंय."

ते इंग्रजी नाव म्हणजे प्रोफेशनल ई-स्पोर्ट्स प्लेयर. मराठीत सांगायचं तर मिलिंद पोटासाठी मारामारी करतो. पडद्यावर. कॉम्प्युटरवरच्या या खेळात दोन गडी समोरासमोर उभे राहतात, ठोसे मारतात, लाथा घालतात, एकमेकांना उचलून आपटतात. ज्याचा जीव आधी संपला तो हरला. आता हे ऐकून तुम्ही जसे हसलात तसाच मीही हसलो होतो. मी टेलर माणूस. बसस्टँडच्या रस्त्याला माझं दुकान, मागे घर. पोटासाठी लोक काय काय करतात ते मी पाहिलेलं आहे, पण बसल्या जागी बटणं दाबून कुणी पगार घेतल्याचं पाहिलं नव्हतं. पुढे एकदा त्याने मोबाईलवर दाखवलं. भलंमोठं सभागृह, खच्चून भरलेलं, आणि समोर स्टेजवर आमचा मिलिंद, अंगात रंगीत बनियन घालून, तोंड पाडून बसलेला. त्या गर्दीतले लोक त्याच्या टोपणनावाने ओरडत होते. तेव्हापासून मी हसणं कमी केलं. बंद केलं असं म्हणवत नाही.

त्याच्या या धंद्याने गल्लीचे काय हाल होतात ते पासपोर्टच्या वेळी कळलं. त्याला स्पर्धेसाठी जपानला जायचं होतं. चौकशीला एक हवालदार आले. माझ्याच दुकानात बसले आणि म्हणाले, "मुलाची वागणूक कशी आहे? भांडण, मारामारी वगैरे?"

मी उत्तर देण्याआधी शेजारचा किराणावाला छाती फुगवून म्हणाला, "व्हय साहेब! रोज करतो. दुसरं काई करतच न्हाई."

"मागल्या महिन्यात त्यानं एका कोरियाच्या माणसाला लोळवलं, साहेब," दुसऱ्याने भर घातली. "उठूच देल्लं न्हाई त्याला."

हवालदारांनी पेन काढलं. मिलिंदाची आई धावत आली, ती म्हणाली, "साहेब, पोरगं गरीब हाय. मारतं, पण पगार घेऊन मारतं." यावर हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागितलं. शेवटी मिलिंदाने त्यांना घरी नेऊन एक डाव खेळायला लावला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. जाताना हवालदार त्याला विचारत होते की लाथ नेमकी कुठल्या बटणाने बसते.

हातांना इतकं जपणारा हा माणूस बोटांना मात्र क्षणभर स्वस्थ बसू देत नाही. पंगतीत बसला की पत्रावळीच्या काठावर, एसटीत बसला की समोरच्या दांड्यावर, त्याची बोटं चालूच. एकदा विहारात वंदना सुरू असताना त्याने समोरच्या गुरुजींच्या पाठीवर अख्खी मारामारी खेळून टाकली. गुरुजींनी मागे वळून पाहिलं तेव्हा म्हणतो, "सॉरी सर. पण जिंकलो."

आणि त्याचा एक सिद्धांत आहे. तो तुम्हाला ऐकावाच लागतो. माणूस ठोसा मारतो, तो चुकला, की हात परत येईपर्यंत तो माणूस उघडा असतो. तेवढ्यात मारायचं. आधी मारणारे सगळे घायकुते. "त्याचा हात रिकामा होऊ द्या, काका," हे त्याचं पालुपद. बाजारात भाजीचा भाव करताना, बसमध्ये जागा धरताना, लग्नाची बोलणी करताना, सगळीकडे हाच मंत्र. मला म्हणाला, "काका, तुमी शिलाईचा भाव सांगायच्या आधी दोनदा खाकरता. पयल्या खाकरण्यालाच गिऱ्हाईक सावध व्हतं." माझ्या आणि बायकोच्या भांडणातसुद्धा त्याने सल्ला दिला होता. "काकू बोलून राहिल्या तवर गप बसा. त्यांचा दम संपला की मंग बोला." मी तो सल्ला प्रामाणिकपणे पाळला. दम काही संपला नाही आणि माझं बोलायचं राहूनच गेलं.

नांदेडला डिप्लोमाला असताना एका तळघरातल्या गेम पार्लरमध्ये त्याला हा नाद लागला. डिप्लोमा राहिला, नाद वाढला. तिथल्या एका स्पर्धेत हैदराबादच्या संघाच्या लोकांनी त्याला पाहिलं आणि नोकरीवर ठेवलं. राहायला खोली, जेवण, रंगीत बनियन. वर्षा-दोन वर्षांत हा गावी परत. नोकरी होती तशीच होती, फक्त सराव आता बाळापुरातून करणार म्हणाला. का रे बाबा, तर म्हणे, "तिथं जेवणात आंबट लई घालतात." मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवायला हरकत नव्हती.

पण एक अडचण झाली. आमच्या बाळापुरात इंटरनेट येतं, नाही असं नाही. पण बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन म्हातारं माणूस यावं तसं येतं, थांबत थांबत. इथे बटण दाबलं की ठोसा तिकडे उशिराने बसतो. अशा उशिराच्या सरावाने हात बिघडतो म्हणे. सराव करायचा तर समोरासमोर माणूस पाहिजे, एकाच पडद्यापुढे बसलेला. आता बाळापुरात असं माणूस आणायचं कुठून?

आधी त्याने मला बसवलं. माझ्या गड्याने मिलिंदाच्या गड्याकडे पाठ केली आणि बराच वेळ हवेत गुद्दे मारले. मग मोबाईलच्या दुकानातला पोरगा आला, सलूनवाला आला. दोघंही थोडे दिवस आले आणि मग त्यांना कामं निघाली. तेव्हा मिलिंद आपला टीव्ही आणि खेळाचं यंत्र आमच्याच ओसरीवर घेऊन आला होता, कारण त्याच्या घरी आई पडद्यापुढेच धान्य निवडायला बसायची. एका दुपारी तो एकटाच बसला होता. माझी बायको विमल लसूण सोलत होती. ती म्हणाली, "मला दाव बरं एकदा."

विमलबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमची एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि तेव्हापासून विमलच्या दुपारी अवघड झाल्या होत्या. जेवणं झाली की भिंतीकडे तोंड करून पडायची. झोपायची नाही. हाक मारली की "जागीच हाय" म्हणायची आणि तशीच पडून राहायची. मी मशीनवर बसून तिच्या पाठीकडे बघायचो आणि मला काही सुचायचं नाही.

मिलिंदाने तिच्या मांडीवर आपला दुसरा डबा ठेवला. या खेळाला साधा रिमोट चालत नाही, चपटा चौकोनी डबा असतो आणि त्यावर गोल गोल बटणं. विमलने तो डोळे बारीक करून पाहिला.

"अगं बया, हा तर मसाल्याचा डबा!"

झालं. तिने तिथल्या तिथे सगळ्या बटणांची नावं ठेवून टाकली. ठोसा म्हणजे तिखट. लाथ म्हणजे मोहरी. उडी म्हणजे जिरे. अडवायचं बटण म्हणजे मीठ, कारण ते विसरलं की सगळं वाया. जगात नावाजलेला आमचा खेळाडू दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर बसून ओरडू लागला, "काकू, मोहरी! मोहरी दाबा! आता तिखट!" आणि विमल दोन्ही हातांनी फोडणी दिल्यासारखा डबा बडवायची. "मर मेल्या! मर! कुठं पळून राहिला?" रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची. कापड शिवायला आलेल्या एका बाईने मला हळूच विचारलं, "घरात काई तकलीफ हाय का?"

पहिल्याच आठवड्यात विमल एक डाव जिंकली. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीला माहीत झालं, रात्री फोनवर लेकीला, आणि रविवारी तिच्या माहेरी साखऱ्याला. तिचा स्वयंपाक आता बाराच्या आत उरकू लागला. भिंतीकडे तोंड करून पडणं बंद झालं. ती रोज हरायची भरपूर, पण रोज एखाद-दुसरा डाव जिंकायचीच. "उद्या जपानला तूच जा," मी म्हणायचो. ती म्हणायची, "पासपोर्ट काढा माझा. हवालदाराला मी बघते."

मशीनवर बसल्या बसल्या मला दोघंही दिसायचे, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. विमलची लाथ चुकायची, तिचा गडी उघडा पडायचा. म्हणजे मिलिंदाच्या सिद्धांताप्रमाणे मारायची हीच वेळ. त्याचं बोट बटणावर जायचं आणि तिथेच टेकायचं. अर्धा श्वास. तेवढ्यात विमलचं तिखट येऊन बसायचं आणि तिचा आनंद गगनात मावायचा नाही. मला वाटलं, हीसुद्धा काहीतरी वरच्या पायरीची विद्या असेल. एकदा विचारलं, तर म्हणाला, "काई न्हाई काका. दम घेऊन राहिलो."

मग पुण्याची स्पर्धा आली. पहिला येईल तो देशाच्या संघात. जागा एकच. मिलिंद ज्या दिवशी हे सांगायला आला त्या दिवशी त्याची बोटं शांत होती, त्यावरून मी ओळखलं की गोष्ट साधी नाही. या धंद्यात तिशी म्हणजे म्हातारपण. समोर शाळकरी पोरं येतात आणि त्यांची बोटं विजेसारखी पळतात. "यंदा झालं तर झालं, काका," तो म्हणाला. "पुढल्या वर्षाचं काई खरं न्हाई." विमलने त्याला शेंगदाण्याचे लाडू करून दिले. गाडी सुटेपर्यंत ती त्याला बजावत होती, "मीठ विसरू नको रे."

शेवटच्या लढतीच्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. मोबाईल शिलाई मशीनला टेकवून उभा केला आणि आम्ही दोघं समोर बसलो. मिलिंद एकेकाला हरवत पार शेवटपर्यंत पोचला होता. समोर चेन्नईचं एक पोरगं, मिसरूडही न फुटलेलं. बरोबरीत चाललं होतं. एक डाव याचा, एक त्याचा. विमल ओरडत होती, "तिखट मार! मोहरी!" आणि मीही ओरडत होतो हे मला नंतर कळलं. शेवटचा डाव. दोघांचाही जीव दोराएवढा उरलेला. चेन्नईच्या पोराने लाथ घातली. चुकली. उघडा पडला.

मिलिंद थांबला. अर्धा श्वास.

पोराने मारलं. खेळ संपला.

समालोचन करणारा हिंदीतून ओरडत होता, "अरे, ये रुक क्यों गया? पूरा मौका था! सुबह से देख रहा हूँ, बीच बीच में ये रुक जाता है!" मी मोबाईलशी भांडायला लागलो. नेट अडकलं असेल, चित्र अडकलं असेल. विमलचे हात मांडीवर तसेच होते.

"चित्र न्हाई अडकलं," ती म्हणाली. "तिथं मी मारते."

मला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर मी मोबाईल बंद केला.

मिलिंद परत आला तो एसटीच्या मागच्या दारातून एक भलीमोठी खुर्ची उतरवून घेत. दुसऱ्या नंबरला बक्षीस म्हणून खुर्ची होती, उंच पाठीची, लाल-काळी. अर्थातच ती त्याने स्वतः उचलली नाही. ड्रायव्हर, कंडक्टर आणि दोन प्रवासी तिला उतरवत होते आणि हा काखेत हात घालून "जपून, जपून" म्हणत होता. संघाने त्याला काढलं नव्हतं, पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले होते. तो काही रडका चेहरा करून आला नव्हता. दिवसभर गल्लीतल्या माणसांनी त्या खुर्चीत आळीपाळीने बसून घेतलं. हरण्याबद्दल कुणी विचारलं की म्हणायचा, "त्या पोराचा दिवस होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नेहमीप्रमाणे आला, कोपराने दार लोटून. यंत्र लावलं. डबा विमलपुढे केला. तिने घेतला नाही.

"मी न्हाई खेळणार आता."

"काहून?"

"तू माझ्यापायी हरला."

"न्हाई काकू. त्या पोराचा दिवस—"

"खोटं बोलू नको. मला दिसतं की. मला जिंकू देता देता तुझा हात बिघडला. तुझं एवढं मोठं गेलं, माझ्या दुपारच्या खेळापायी. तू दुसरं कुणी बघ बाबा. चांगलं खेळणारं."

मी मशीनचा पाय थांबवला. मिलिंद डब्याकडे बघत बसला. त्याचा चेहरा असा मी स्टेजवरही पाहिला नव्हता. मग तो बोलायला लागला, पण विमलकडे न बघता.

"काकू, तुमच्यासाठी म्हणून न्हाई केलं मी. माझ्यासाठी केलं. मी जिंकलो की समोरचा उठून जातो. ल्हानपणापासून. गोट्या असू दे, कॅरम असू दे. नांदेडला पार्लरमधी मला येताना बघून पोरं दुसऱ्या मशीनवर जायची. हैदराबादेत बसायची समोर, पण त्यांना बसायचाच पगार होता. खोलीवर आलं की कुणी बोलायचं न्हाई. इथंबी बघा ना, सलूनवाला गेला, तो मोबाईलवाला गेला. मंग तुमी बसल्या. मला वाटलं, काकूंनी तरी उठू न्हाई. म्हणून हात थांबवायचो. मंग तो आपोआपच थांबाया लागला."

म्हणजे ते आंबट जेवण वगैरे काही खरं नव्हतं तर. मला त्या पोराची इतकी कीव आली आणि इतकी माया दाटून आली की मी उगीच सुईत दोरा ओवू लागलो. सुईत दोरा आधीच होता.

विमलने पदराने डोळे टिपले. मग पदर खोचला आणि खाली बसली ती मांडी घालून.

"आण तो डबा. अन् आता मला बराबर मार. हात थांबवशील तर याद राख. मी काचेची न्हाई."

"काकू, तुमी एक डावबी जिंकणार न्हाई."

"नको जिंकू दे. लाव."

त्याने लावलं. विमलचा गडी एक ठोसासुद्धा न मारता आडवा झाला. मिलिंदाने पटकन मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती बसलेलीच होती.

"बघतो काय? लाव पुन्हा."

दुसऱ्या डावात ती मीठ विसरली आणि तिसऱ्यात सगळंच. तो तिला पडद्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उचलून आपटत होता. ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि मध्येच मला ओरडून सांगत होती, "चहा तुमीच टाका आता, मी उठणार न्हाई!" प्रत्येक डाव संपला की तो मान वर करून बघायचा, ती आहे का. मी चहा टाकून, गाळून, तीन कप घेऊन बाहेर आलो तोवर ती किती डाव हरली होती कोण जाणे. अजून एक डाव संपला. विमलचा गडी पालथा पडला. या वेळी त्याने मान वर केली नाही. सरळ पुढचा डाव लावला.